पाय लांबवण्याची शस्त्रक्रिया परदेशात: 70 दिवसांनंतर काय?

पायाचं हाड कापायचं आणि त्याची दोन टोकं रोज 1 मिलिमीटरने एकमेकांपासून दूर न्यायची. मधल्या फटीत शरीर नवं हाड भरत जातं. 7 सेंटिमीटर उंची हवी असेल तर 70 दिवस. उंची वाढवून घ्यायला परदेशी जाणारे बरेच जण याच हिशेबावर तिकीट काढतात, खोली घेतात, रजा टाकतात. हिशेब खरा आहे, पण तो फक्त लांबी वाढण्याचा आहे. बरं होण्याचा हिशेब वेगळा असतो आणि त्याचा मोठा भाग परतीच्या विमानानंतर सुरू होतो. तेव्हा पायाकडे कोण बघणार हे जाण्याआधी ठरलेलं नसेल, तर शस्त्रक्रिया कितीही कसबी हातांनी झालेली असो, माणूस अडचणीत येतो.

शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. पण तो निर्णय घेताना माणसं हाडात बसवायचा रॉड कुठल्या कंपनीचा, सर्जन किती नावाजलेला, किती सेंटिमीटर मिळतील याचाच विचार करतात आणि नंतरच्या सहा-आठ महिन्यांकडे ओझरतं बघतात. या लेखात मी मुद्दाम त्या महिन्यांबद्दलच बोलणार आहे.

हाड लांबतं कसं

या पद्धतीचं मूळ पश्चिम सायबेरियातल्या कुर्गान इथे आहे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला गावरील इलिझारोव या डॉक्टरांनी पायाभोवती धातूची कडी आणि हाडातून आरपार जाणाऱ्या ताणलेल्या बारीक तारा अशी चौकट बनवली. कापलेल्या हाडाची टोकं हळूहळू ताणत नेली तर मधल्या जागेत नवं हाड तयार होतं आणि रक्तवाहिन्या, स्नायू, कातडी हेही त्या ताणाला प्रतिसाद देतात, असं त्यांनी दाखवलं. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक मिळवणाऱ्या व्हॅलेरी ब्रुमेलचा पाय पुढच्याच वर्षी मोटरसायकलच्या अपघातात चिरडला. अनेक शस्त्रक्रिया होऊनही न सावरलेला तो पाय शेवटी कुर्गानमध्ये जुळला, तेव्हा इलिझारोव यांचं नाव सोव्हिएत संघभर झालं. पश्चिमेकडच्या डॉक्टरांपर्यंत ही पद्धत पोहोचली ती 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला, इटलीमार्गे.

हा इतिहास सांगण्यामागे एक कारण आहे. ही पद्धत जन्मली ती जंतुसंसर्गाने सडलेल्या, न जुळलेल्या, जन्मतः आखूड राहिलेल्या हाडांसाठी. त्या रुग्णांपुढे दुसरा पर्याय बहुधा पाय गमावण्याचा किंवा आयुष्यभर लंगडण्याचा होता. त्यांनी सोसलेला धोका आणि दोन्ही पाय धडधाकट असलेल्या माणसाने पत्करलेला धोका सारखा मोजता येत नाही. केवळ उंचीसाठी अशी शस्त्रक्रिया करण्यावर चीनने 2006 मध्ये बंदी घातली, ती त्या आधीच्या वर्षांत तिथे अनेकांचे पाय बिघडल्यावर.

आता वेगाकडे येऊ. हाड कापल्यावर लगेच ताणायला सुरुवात करत नाहीत. पाच ते सात दिवस थांबतात, कधी थोडे जास्त. त्या काळात कापलेल्या जागी रक्त साकळतं आणि भरून येण्याची प्रक्रिया सुरू होते. मग दिवसाला 1 मिलिमीटर, तेही एका दमात नाही. पाव मिलिमीटर, असं दिवसातून चार वेळा. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या इलिझारोव यांच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दिसलं, की दिवसाला अर्धा मिलिमीटर ताणलं तर हाड मधेच जुळून बसू शकतं, 2 मिलिमीटर ताणलं तर ऊती बिघडतात आणि 1 मिलिमीटरवर सगळ्यात चांगलं हाड तयार होतं. अर्धवट वाळलेला डिंक दोन बोटांत धरून ताणून बघितला तर हे चटकन समजतं. हिसका दिला की धागा तुटतो, फार वेळ लावला की डिंक घट्ट होतो आणि बोटंच हलत नाहीत.

फरक एवढाच, की प्रत्येकाच्या पायाचा योग्य वेग थोडा वेगळा निघतो. नडगीत तो मांडीपेक्षा बऱ्याचदा कमी ठेवावा लागतो. एक्स-रेमध्ये फट भरताना दिसत नसेल तर वेग उतरवावा लागतो, भराभर भरत असेल तर चढवावा लागतो. म्हणून लांबवण्याच्या काळात आठवड्या-दोन आठवड्यांनी एक्स-रे काढतात, आणि तो बघून निर्णय घेणारा डॉक्टर हाताशी असावा लागतो. परदेशातला मुक्काम ज्यासाठी अटळ आहे ते कारण हे. ‘शस्त्रक्रिया झाली, आता ताणायचं काम घरी जाऊन करतो’ असं म्हणणाऱ्याला मी आवर्जून थांबवीन.

ताणायची साधनं तीन प्रकारची. बाहेरची चौकट, जिचे नट रोज फिरवायचे. हाडाच्या पोकळीत बसवलेला रॉड आणि जोडीला बाहेरची चौकट. यात लांबी पूर्ण झाली की चौकट निघते आणि रॉड हाडाला आधार देतो. आणि सगळंच आत असलेला रॉड. आतल्या रॉडपैकी काही यांत्रिक असतात, पाय ठरावीक कोनात वळवला की आत टक्‌ असा आवाज होतो आणि रॉड किंचित सरकतो. काही चुंबकावर चालतात. या चुंबकाच्या रॉडमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी चुंबकाची जागा कातडीवर पेनाने खूण करून दाखवलेली असते. रुग्ण मांडीवरच्या त्या खुणेवर एक जडसं यंत्र धरतो, त्यातली चुंबकं फिरतात, त्यांच्याबरोबर आतलं चुंबक फिरतं आणि रॉड उलगडतो. बाहेरून काही दिसत नाही, काही ऐकूही येत नाही असं म्हटलं तरी चालेल. खूण पुसट झाली आणि यंत्र दोन बोटं बाजूला धरलं, तर आठवडाभराने एक्स-रे सांगतो की फट वाढलेलीच नाही. त्यामुळे ती खूण आंघोळीनंतर पुन्हा गडद करणं हे रोजच्या औषधाइतकंच महत्त्वाचं काम आहे.

रॉडवर किती वजन चालतं, हे त्याच्या धातूवर आणि जाडीवर ठरतं. टायटॅनियमच्या चुंबकीय रॉडवर लांबवण्याच्या काळात पूर्ण वजन टाकता येत नाही. पूर्ण वजन पेलणारा म्हणून स्टेनलेस स्टीलचा ‘स्ट्राइड’ हा रॉड 2018 मध्ये आला आणि लोक त्यावर खूश होते. पण रॉडचे दोन भाग जुळतात तिथे गंज आणि आजूबाजूच्या हाडात बदल दिसू लागल्यावर 2021 मध्ये कंपनीने तो बाजारातून परत घेतला. ‘चालता येईल’ एवढ्या आश्वासनावर विसंबू नका. रॉडचं पूर्ण नाव, धातू, जाडी आणि किलोतली वजनाची मर्यादा लिहून मागा.

पहिला आठवडा

सुरुवातीच्या दिवसांत जिवावरचे धोके असतात. ते क्वचित घडतात, पण घडले तर तासांचा खेळ असतो. रॉड बसवण्यासाठी हाडाची पोकळी कोरताना आतली चरबी रक्तात मिसळून फुप्फुसांपर्यंत जाऊ शकते. दोन्ही मांड्यांची हाडं एकाच वेळी कोरली तर हा धोका वाढतो. दोन-तीन दिवसांच्या आत धाप लागणं, गोंधळल्यासारखं होणं, छातीवर-काखेत बारीक लाल ठिपके उठणं ही त्याची चिन्हं. दुसरा धोका स्नायूंच्या कप्प्यात दाब चढण्याचा. औषधाला न जुमानणारी, वाढतच जाणारी कळ आणि पायाची बोटं दुसऱ्याने नुसती हलवली तरी असह्य दुखणं, असं झालं तर सकाळची वाट बघायची नसते. तिसरा धोका रक्ताच्या गुठळीचा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक छातीत दुखून श्वास अपुरा पडणं. हा तिसरा धोका पहिल्या आठवड्यापुरता मर्यादित नसतो, तो पुढे कित्येक आठवडे सोबत राहतो. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी किंवा इंजेक्शन सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यायचं, बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच हॉटेलात हलवणाऱ्या पॅकेजांबद्दल मला म्हणूनच शंका येते. रात्री दोन वाजता धाप लागली तर फोन कोण उचलणार, तो तुमच्या भाषेत बोलणार का, जवळच्या अतिदक्षता विभागापर्यंत किती वेळ लागतो? ही उत्तरं पैसे भरण्याआधी मिळवायची. युरोपीय संघात आणि तुर्कीत आणीबाणीचा क्रमांक 112 आहे. तो सोबत्याच्या फोनमध्येही हवा आणि राहत्या जागेचा पत्ता स्थानिक भाषेत लिहून दाराशी चिकटवलेला हवा.

खरी लढाई स्नायूंची

हाड लांबवणं हा या प्रकरणाचा सोपा भाग आहे, असं ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. पण हाड नव्याने तयार होतं. स्नायू आणि नसा मात्र आहेत त्याच ताणल्या जातात आणि त्यांना तो वेग परवडत नाही. कसल्याही सूचनेशिवाय शरीर यावर स्वतःचा उपाय शोधतं, सांधे वाकवून. लांबलेल्या हाडावरून जाणारा आखडलेला स्नायू सांधा आपल्याकडे ओढून घेतो.

नडगी लांबवली तर पोटरी ताणली जाते आणि टाच वर उचलली जाते. माणूस चवड्यावर उभा राहू लागतो. पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो, म्हणून तपासणी करताना गुडघा सरळ ठेवूनच पाऊल वर ओढायचं. गुडघा वाकवून पाऊल काटकोनात आलं, तर ते समाधान खोटं असतं. रात्री झोपेत पाऊल खाली लोंबकळतं आणि दिवसभराचं ताणणं वाया जातं, म्हणून पाऊल काटकोनात धरणारी पट्टी रात्रभर बांधून ठेवतात. ती टोचते, तिने झोप मोडते आणि पहाटे कधीतरी माणूस ती चिडून काढून टाकतो. अशा किती पहाटा जातात यावर पुढे पोटरीला टाचेशी जोडणारा स्नायूबंध कापून लांबवावा लागेल की नाही, हे बऱ्याच अंशी ठरतं.

मांडीचं हाड लांबवलं तर गुडघा आणि खुबा दोन्ही धोक्यात. पुढचा स्नायू आखडला की गुडघा वाकत नाही, मागचा आखडला की पूर्ण सरळ होत नाही आणि खुब्याच्या पुढचा आखडला की उभं राहताना कंबर पुढे ढकलली जाऊन पाठीत बाक येतो. इथे सगळ्यात घातक वस्तू म्हणजे उशी. गुडघ्याखाली उशी घेतली की दुखणं लगेच कमी होतं, कारण ताण सैलावतो. नेमका तोच ताण टिकवायचा असतो. उशी घ्यायचीच तर टाचेखाली घ्या, म्हणजे गुडघा स्वतःच्या वजनाने सरळ होत राहतो. दिवसातून काही वेळ पालथं झोपायचं, म्हणजे खुबा उलगडतो.

फिजिओथेरपी हा पॅकेजमधला जोडधंदा नाही, तोच उपचार आहे. आठवड्यातून दोन वेळा कोणीतरी येऊन पाय हलवून जातं, तेवढ्याने भागत नाही. रोज, बऱ्याच ठिकाणी दिवसातून अनेकदा, आणि मधल्या वेळात स्वतःचं स्वतः. फिजिओथेरपिस्टच्या हातात कोनमापक असतो. त्याने मोजलेला गुडघ्याचा आणि घोट्याचा कोन वहीत तारखेसह लिहून ठेवा. वहीत मिलिमीटर वाढत असतील आणि कोन घटत असेल, तर कोनाचं ऐकायचं. वेग कमी करायचा, काही दिवस थांबायचं, गरज पडली तर तिथेच संपवायचं. चांगला सर्जन हे स्वतःहून सांगतो. जो म्हणतो की ‘आधी लांबी पुरी करू, कोन नंतर बघू’, त्याच्याशी मी वाद घालीन.

एक वेगळी खूण पायाच्या अंगठ्याची. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, अगदी कातडीजवळून एक नस जाते. ती ताणली गेली की आधी पावलाच्या वरच्या भागात जळजळ होते, चादर लागली तरी सहन होत नाही, मग बधिरपणा येतो आणि नंतर अंगठा वर उचलण्याची ताकद जाते. म्हणून रोज सकाळी अंथरुणातच दोन्ही अंगठे वर उचलून बघायचे. अंगठा आणि शेजारच्या बोटामधल्या बेचक्यात स्पर्श कळतो का, तेही बघायचं. फरक जाणवला की त्या दिवशीचं ताणणं थांबवून डॉक्टरांना फोन. वेळेत वेग उतरवला तर नस बहुधा सावरते. ‘होईल ठीक’ म्हणत आठवडा काढला तर पाऊल लुळं पडू शकतं.

बाहेरची चौकट असेल तर तारा आणि पिना कातडीतून आत जातात त्या जागा सांभाळणं हे एक स्वतंत्र काम होऊन बसतं. पिनेभोवती थोडा लालसरपणा आणि स्राव जवळजवळ सगळ्यांना कधी ना कधी होतो आणि तो साफसफाईने, फार तर गोळ्यांनी आवरतो. पू, ताप, वाढती कळ किंवा सैल झालेली पिन मात्र लगेच दाखवायची.

परक्या गावातले दिवस

या काळात झोप नीट लागत नाही. ताणलेले स्नायू रात्री वळतात, कूस बदलता येत नाही, भूक मंदावते, वजन उतरतं. नेमकं त्याच वेळी हाड बनवायला शरीराला प्रथिनं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व भरपूर लागतं. ड जीवनसत्त्वाची पातळी जाण्याआधीच तपासून भरून काढणं शहाणपणाचं. सिगारेट तर नाहीच, पण निकोटिन असलेलं काहीच नको. व्हेप नको, निकोटिनची च्युइंगमही नको, कारण निकोटिनने हाड भरायला उशीर होतो. दुखतं म्हणून दुकानातून आयब्युप्रोफेनसारखी गोळीही परस्पर घेऊ नका. ही औषधं हाड भरण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणू शकतात, म्हणून अनेक सर्जन या काळात ती टाळतात.

पहिले काही आठवडे सोबत कोणीतरी हवंच. दोन्ही पायांची शस्त्रक्रिया झाली असेल तर व्हीलचेअरवरून कमोडवर सरकणं हेसुद्धा शिकावं लागतं. खोली घेताना फोटोतला देखावा बघू नका, न्हाणीघराच्या दाराची रुंदी सेंटिमीटरमध्ये विचारा. व्हीलचेअर खोलीच्या दारातून आत येते आणि न्हाणीघराच्या दारात अडते, असं वरचेवर होतं. लिफ्ट आहे का, इमारतीच्या दाराशी दोन-तीन पायऱ्या आहेत का, पलंग आणि कमोड गुडघ्याच्या उंचीला आहेत का, आंघोळीला बसायला खुर्ची मिळेल का, हेही आधीच विचारून घ्या.

अशा ठिकाणी आजूबाजूला याच शस्त्रक्रियेसाठी आलेले इतर लोकही राहत असतात. त्यांचा आधार मोठा असतो. आपल्याला होतंय ते इतरांनाही होतं, एवढं कळलं तरी रात्र सुसह्य होते. पण त्याच सोबतीत तुलनाही चालते. शेजारचा साडेसहावर पोहोचला, मी पाचवर का थांबू? अनेक सर्जन एका वेळी मांडीत 7-8 सेंटिमीटरच्या आणि नडगीत 5 सेंटिमीटरच्या आसपास मर्यादा आखतात. हाड मूळचं जितकं आखूड, तितकी ती आणखी खाली येते. शेवटच्या सेंटिमीटरमध्ये ताण सगळ्यात जास्त असतो आणि थकलेल्या, एकट्या पडलेल्या, इतका खर्च केलेल्या माणसाला ‘अजून थोडं’ म्हणायचा मोहही तेव्हाच सगळ्यात मोठा असतो. म्हणून कुठल्या चिन्हावर थांबायचं हे आधीच सर्जनशी बोलून लिहून ठेवा आणि घरच्या एका विश्वासू माणसालाही ते सांगून ठेवा.

इथेच मनाचा विषय येतो. काहींना आपल्या शरीरातल्या उणिवेची टोचणी इतकी खोल लागलेली असते की ती आजाराच्या पातळीची असते. अशांची टोचणी उंची वाढून थांबत नाही, ती दुसऱ्या अवयवावर जाऊन बसते. शस्त्रक्रियेआधी मानसोपचारतज्ज्ञाशी बोलायला लावणारा सर्जन तुमची अडवणूक करत नसतो. तसं न करणाऱ्याकडे मात्र सावधपणे बघा.

व्हिसा, औषधं, विमान

युरोपातल्या शेंगेन देशांमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या देशांच्या गटात, कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या, आठवडाभर थांबणं आणि 70 दिवस ताणणं धरलं तर 90 पैकी जवळजवळ सगळे संपले. वेग उतरवावा लागला किंवा हाड मधेच जुळलं आणि पुन्हा कापावं लागलं, तर मुदत उलटून जाते. उपचार अर्धवट असताना व्हिसा संपणं ही अत्यंत वाईट अवस्था आहे. जाण्याआधीच उपचारासाठीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळतो का बघा. तुर्कीतही अनेक देशांच्या नागरिकांना 180 दिवसांत 90 दिवसांचीच मुभा असते, पुढे राहायचं तर निवास परवाना काढावा लागतो. विम्याचंही तसंच. प्रवासाचा साधा विमा ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेतल्या गुंतागुंतीचा खर्च बहुधा देत नाही. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली तर ती पॅकेजमध्ये आहे का, आणि नसेल तर हाताशी पैसे आहेत का?

औषधांबाबत एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं काही देशांत कडक नियंत्रणाखाली आहेत, उदाहरणार्थ इजिप्त आणि संयुक्त अरब अमिरातीत. तुमचं विमान जिथे फक्त बदलतं, त्या देशाचा कायदाही लागू होऊ शकतो. मूळ वेष्टनातली औषधं, डॉक्टरांचं सहीचं पत्र, आणि वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियम आधी तपासलेला, एवढं जवळ हवं.

विमानप्रवास हा स्वतंत्र धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार 4 तास किंवा त्याहून लांबच्या प्रवासानंतर रक्ताच्या गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसात तो मुळातच फार कमी असतो म्हणून दुप्पट होऊनही फरक पडत नाही. पायाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तो आधीच चढलेला असतो. कधी उडायचं आणि त्या प्रवासासाठी रक्त पातळ करणारं औषध घ्यायचं का, हे सर्जनकडून लेखी घ्या. व्हीलचेअरची मदत आधी मागावी लागते. युरोपात त्यासाठी 48 तासांची सूचना द्यायची असते. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या प्रवाशाकडून विमान कंपनी डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय फॉर्मही मागू शकते. गुडघा अजून पुरता वाकत नसेल तर साधी सीट म्हणजे कित्येक तासांची शिक्षा होते, तेव्हा पाय पसरता येतील अशी जागा मागा.

परतल्यावर

लांबी पूर्ण झाली त्या दिवशी एक्स-रेमध्ये फटीत दिसतं ते हाड म्हणण्याजोगं नसतं. काळ्या पार्श्वभूमीवर धुरकट उभ्या रेषा, ढगासारख्या. पुढच्या महिन्यांत त्या रेषा दाट होतात, कडेला पांढरी भिंत उभी राहते. अगदी सुरुवातीपासून धरलं तर हाड पक्कं व्हायला प्रत्येक सेंटिमीटरमागे साधारण एक ते दीड महिना लागतो. म्हणजे 7 सेंटिमीटरला सात ते दहा महिने. समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढले की हाडाच्या चार भिंती दिसतात. त्यातल्या किमान तीन जुळल्या म्हणजे पूर्ण वजन टाकायची परवानगी मिळते. त्याआधी कुबड्या सोडल्या तर नवं हाड वाकू शकतं, रॉड किंवा स्क्रू मोडू शकतो. दुखणं थांबलं म्हणजे हाड भरलं असं नाही. रॉड आधार देत असतो म्हणून दुखत नाही.

आता हे एक्स-रे तुमच्या गावी कोण बघणार? साधं हाड मोडल्यावर उपचार करणारा प्रत्येक ऑर्थोपेडिक सर्जन या कामातला नसतो, आणि दुसऱ्याने केलेली शस्त्रक्रिया अर्ध्यावर अंगावर घ्यायला अनेक जण नकार देतात. त्यांचा नकार समजण्यासारखा आहे. म्हणून जाण्याआधीच, इलिझारोव पद्धतीचं किंवा हाड लांबवण्याचं काम करणाऱ्या एका डॉक्टरला गाठा, सगळं खरं सांगा आणि परतल्यावर ते बघतील का ते विचारा. लाजून हे लपवणारे बरेच असतात. हाड जुळत नसल्याचं पाचव्या महिन्यात कळतं आणि तेव्हा धावपळ सुरू होते.

त्या डॉक्टरला द्यायला काय आणायचं? शस्त्रक्रियेचा तपशीलवार अहवाल. रॉड आणि स्क्रूच्या वेष्टनावरचे स्टिकर, ज्यांवर कंपनी, माप आणि लॉट क्रमांक असतो. सगळे एक्स-रे मूळ डिजिटल स्वरूपात, मोबाइलने काढलेले फोटो नकोत. रोज किती ताणलं त्याची नोंद, कोनांची वही, चालू औषधांची यादी. आत चुंबकाचा रॉड असेल तर तसं कार्ड कायम जवळ बाळगा, कारण कधी बेशुद्ध अवस्थेत एमआरआयला नेलं गेलं तर आत काय आहे हे तिथल्या माणसांना कळायलाच हवं.

फिजिओथेरपी परतल्यावरही चालूच राहते. चाल सुधारायला काही महिने लागतात, आधी बदकासारखी डोलती चाल येते, कारण खुब्याचे स्नायू कमजोर झालेले असतात. पळायला, उड्या मारायला हाड पक्कं झाल्यानंतरही वेळ द्यावा लागतो. खेळाडूंनी आधीचा वेग, आधीची उडी परत मिळेलच असं धरू नये. ती सगळ्यांना मिळत नाही.

आणि रॉड काढायचाही असतो. हाड पूर्ण पक्कं झाल्यावर, साधारण वर्ष-दोन वर्षांत. ही शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा खूपच छोटी असली तरी प्रत्येक कंपनीचा रॉड काढायला तिचीच हत्यारं लागतात. ती तुमच्या देशात मिळतात का, की पुन्हा तिकीट काढून तिथेच जावं लागेल, आणि तो खर्च आधीच्या रकमेत धरलेला आहे का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा आणि उत्तर करारात लिहून घ्या.